आधी बाटली, मग मांडणी

उरण तालुक्यातल्या सुताराने वाईनच्या मांडण्या बनवण्यात आयुष्याची इतकी वर्षं घालवावीत, याचं आमच्या गावात अजूनही नवल वाटतं. माझी शेड द्रोणागिरी नोडच्या कडेला आहे. एका अंगाला सिडकोने आखलेले सेक्टर, दुसऱ्या अंगाला कंटेनरची यार्डं आणि पलीकडे करंजाचा डोंगर. या शेडमधून देव्हारे गेले, पलंग गेले, शाळेची बाकं गेली. पण आता येणाऱ्यांपैकी बरेच जण एकच विचारतात : घरात वाईनसाठी खोली करायची आहे, तिच्यात रॅक कुठला लावू?

हे लोक बहुधा खाडीपलीकडचे असतात. करंजाहून तरीने रेवसला उतरलं की आवास, सासवणे, किहीम हा सगळा बंगल्यांचा पट्टा लागतो. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकरांना गाडी थेट बोटीत घालून आणता येऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हापासून उलवे आणि द्रोणागिरीच्या नव्या इमारतींतूनही विचारणा येते. बाटल्या कोणाकडे दहा, कोणाकडे पाचशे. प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच आणि हातातला फोटोही सारखाच : काळी भिंत, तिच्यावर पितळी खुंट्या, खुंट्यांवर आडव्या बाटल्या आणि मागून सोडलेला पिवळा उजेड.

त्या फोटोबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ती मांडणी पाहुण्यांसाठी असते, वाईनसाठी नसते. उजेड हा वाईनचा शत्रू आहे आणि पारदर्शक काचेतल्या गुलाबी किंवा पांढऱ्या वाईनचा तर फारच. हिरव्या आणि तपकिरी काचेच्या बाटल्या काही उगाच निघालेल्या नाहीत. ज्याला भिंत सजवायची असेल त्याने जरूर सजवावी, पण तिथे पुढच्या आठवड्यात उघडायच्या बाटल्या ठेवाव्यात. जपून ठेवायच्या बाटल्यांना अंधार लागतो.

हे सगळं मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांसारखी माझीही सुरुवात यार्डातून झाली. घरची भातशेती आणि मिठागरं बंदरासाठी आणि सिडकोसाठी गेली. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला जे आंदोलन पेटलं, त्यात पाच जणांचे बळी गेले. त्यातूनच पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड देण्याची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग कंटेनर उतरवण्या-भरण्याची यार्डं उभी राहिली. शेतकऱ्याच्या मुलांना तिथे जे काम मिळालं ते त्यांनी केलं. माझ्या वाट्याला पॅकिंगचं लाकूड आलं.

जगभरातून येणाऱ्या यंत्रांखाली, फरशांखाली, पिंपांखाली लाकडी पॅलेट असतात. माल उतरला की पॅलेट उरतात. ते फोडायचे, खिळे उपसायचे, फळ्या निवडायच्या आणि वखारीत द्यायच्या. या कामाने मला लाकडाची नजर दिली. कुठली फळी पाईनची, कुठली रबरवुडची, कुठली ओली, कुठली आतून पोखरलेली, हे हातात घेतल्यावर कळू लागलं. फळीवरचे शिक्केही वाचता येऊ लागले. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि खाली उपचाराची खूण. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा नियम आहे. तेव्हा आम्हाला त्याचा उपयोग एवढाच होता की एचटीची फळी बहुधा कोरडी असायची आणि रंध्याला बरी लागायची. त्या शिक्क्यांशी पुढे माझं आयुष्यभराचं काम निघेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

यार्डातून मी एका मिस्त्रींच्या हाताखाली गेलो. ते जुन्या वळणाचे होते. गुण्या आणि ओळंबा हातात असल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे असताना अलिबागच्या एका बंगल्यातून वाईनच्या मांडणीचं काम आलं. आराखडा मुंबईच्या सजावटकाराने पाठवला होता. सागवानी चौकट, आत एकेका बाटलीचं एकेक घर, भिंतभर. प्रत्येक घराचा गाळा आतून ८० मिलिमीटर. मिस्त्रींनी कागद पाहिला आणि मालकांना निरोप धाडला की घरातल्या सगळ्या जातींची एकेक बाटली पाठवा. उत्तर आलं, आराखडा तज्ज्ञाने केलाय, तसंच करा. तसंच केलं. मांडणी देखणी झाली. आणि मालकांनी हौसेने जमवलेली फसफसती वाईन त्यातल्या एकाही घरात शिरली नाही.

कारण साधं आहे. सरळ खांद्यांची बोर्दो पद्धतीची बाटली साधारण ७५-७६ मिलिमीटर जाडीची असते. उतरत्या खांद्यांची बरगंडी पद्धतीची बाटली ८० च्या पुढे जाते. शॅम्पेनसारख्या फसफसत्या वाईनची बाटली आतला दाब सोसायला जाड काचेची करावी लागते, ती ८८-९० ला पोचते. परदेशी कॅटलॉगमधली पुष्कळ मापं पहिल्या बाटलीवर बेतलेली असतात. आपल्याकडे नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात फसफसती वाईन मोठ्या प्रमाणावर होते आणि लग्नकार्यात, वाढदिवसाला भेट म्हणून तीच घरी येते. म्हणजे आपल्या घरातल्या मांडणीला सर्वांत जाड बाटलीचाच विचार आधी करावा लागतो. मी एकेरी घराचा गाळा ९५ मिलिमीटरच्या खाली नेत नाही. बारीक बाटली मोठ्या घरात हलू नये म्हणून खालच्या दोन पट्ट्यांना आतल्या कडेला उतार देतो. मग कुठलीही बाटली मधोमध बसते. दीड लिटरच्या मोठ्या बाटल्यांसाठी तळाला वेगळा खण.

त्या बंगल्यातल्या मांडणीची निम्मी घरं नंतर उसकटून पुन्हा केली. मिस्त्रींनी सजावटकाराला एका शब्दाने दोष दिला नाही. परतताना तरीत मला म्हणाले, "माप कागदावर नसतं, वस्तूत असतं." तेव्हापासून शेडमध्ये एका फळीवर मी रिकाम्या बाटल्यांची रांग ठेवली आहे. येणारे विचारतात, हा एवढा शौक तुमचा का? त्या माझ्या मोजपट्ट्या आहेत. घरी वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात दारूचं नाव नाही. मुलगा वाईनच्या मांडण्या करतो हे त्यांना कसं सांगावं, हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. त्यांनी एकदा शेडमध्ये येऊन साल आणि कुसू घट्ट बसलेली एक चौकट हाताने हलवून पाहिली, ती हलली नाही, आणि ते काही न बोलता गेले. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. माझ्या मनातला संकोचही तिथेच संपला.

दुसरं वळण नाशिकला आलं. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत कोठारासाठी लाकडी चौकटींचं काम होतं. तिथे मी पहिल्यांदा ते उलट्या इंग्रजी व्हीसारखे लाकडी घोडे पाहिले, ज्यांच्या तिरक्या भोकांत फसफसत्या वाईनच्या बाटल्या मान खाली करून खोचलेल्या असतात. कामगार येता-जाता त्या थोड्या थोड्या फिरवतात आणि आतला गाळ हळूहळू तोंडाशी उतरवतात. तिथल्या कोठारावर देखरेख ठेवणारे गृहस्थ बोलके होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी सुलाने नाशिकच्या मातीत वाईनची द्राक्षं लावली तेव्हापासून तिथे काय काय बदललं ते सगळं त्यांनी सांगितलं. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुल्यांनी इंडेज उभी करून फ्रेंच पद्धतीची फसफसती वाईन परदेशात पाठवली होती. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. पुढे अकलूजला इटालियन मंडळींबरोबर फ्रातेल्ली उभी राहिली. हे ऐकताना मला आपल्या कामाचं मूळ दिसलं. जी वस्तू आम्ही फक्त परदेशातून येते असं समजत होतो, ती आपल्याच शेतकऱ्याच्या मळ्यातून येत होती.

त्याच गृहस्थांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ते म्हणाले, आपल्याकडची बहुतेक वाईन ठेवून जुनी करायची नाहीच. पांढरी आणि गुलाबी वर्ष-दोन वर्षांत संपवावी. लाकडी पिंपात मुरलेल्या थोड्या लाल वाईन पाच-सात वर्षं सुधारत जातात, काही त्याहून जास्त, पण त्या थोड्याच. शिवाय आपल्या पुष्कळ बाटल्यांना आता बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं. बूच ओलं राहावं, आक्रसून हवा आत शिरू नये, म्हणून बाटली आडवी ठेवायची. फिरकीच्या झाकणाला त्याची गरज नाही, ती बाटली उभी ठेवली तरी चालते.

हे कळल्यावर माझं काम कमी झालं आणि सोपंही झालं. पाचशे बाटल्यांची भिंत मागणाऱ्याला मी आता विचारतो, महिन्याला किती बाटल्या उघडता? कोणी म्हणतं चार, कोणी सहा. मग वर्षाच्या पन्नास ते सत्तर झाल्या. त्यात ठेवणीतल्या शंभर धरा. दोनशे घरांची मांडणी तुम्हाला पुरून उरते. बाकीच्या भिंतीवर पुस्तकं ठेवा. कोणी नाराज होतं, कोणी दुसऱ्या सुताराकडे जातं. पण जे ऐकतात ते पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतात.

दोनशे हा आकडाही वजनाच्या अंगाने समजून घ्यावा लागतो. भरलेली साधी बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, फसफसती दीड किलोच्या पुढे. चार फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच एकेरी घरांच्या मांडणीत दोनशेच्या आसपास बाटल्या बसतात. म्हणजे अडीचशे किलो, वर लाकडाचं वजन. आपल्या घरांच्या स्लॅबची आखणी साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून केलेली असते. एवढं वजन फूटभर खोलीच्या पट्ट्यात उभं करायचं तर ते भिंतीलगत, तुळईच्या वर आलं पाहिजे, खोलीच्या मध्यावर नाही. आणि मांडणी वरच्या बाजूला भिंतीला आवळलेली हवी. उलव्यातल्या एका घरात दीड-दोन वर्षांचं मूल अशा न आवळलेल्या मांडणीच्या घरांत पाय घालून शिडीसारखं चढत होतं. आईने वेळेवर उचललं. त्या दिवसापासून भिंतीत चार बोल्ट मारल्याशिवाय माझा माणूस काम सोडून निघत नाही.

आता लाकडाकडे येतो. माझा सगळा जीव त्यात आहे.

अलीकडे पॅलेटच्या लाकडाची फॅशन आली आहे. काळपट, खिळ्यांच्या डागांची, खरबरीत फळी लोकांना आवडते, आणि द्रोणागिरीत ती मुबलक मिळते. एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही हौशी आणि पैशाने बेताचे. त्यांना जुन्या पॅलेटची मांडणी हवी होती, तीही बंद खोलीत, एसी लावून. मी त्यांना यार्डाच्या कुंपणापाशी नेलं आणि रचलेले पॅलेट दाखवले. एकावर एमबीचा शिक्का होता. एकावर कसलं तरी तेल झिरपून काळं झालं होतं. एक पावसात भिजून हिरवा पडला होता. मिथाइल ब्रोमाइड वायू आहे, तो उडून जातो. युरोपात तो २०१० पासून बंदच आहे. पण त्या फळीवर प्रवासात काय काय सांडलं आणि बुरशी धरू नये म्हणून कुणी तिला काय फासलं, हे शिक्का सांगत नाही.

आणि वाईनच्या बाबतीत खरी भीती त्याच फासलेल्या औषधाची आहे. बुरशीनाशक म्हणून लाकडाला क्लोरोफेनॉल किंवा ब्रोमोफेनॉल जातीची रसायनं लावत. दमट जागेत बुरशी त्या रसायनांचं रूप बदलते आणि त्यातून ॲनिसोल नावाची द्रव्यं तयार होतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्याने वाईन वाया जाते. तो दोष बुचाचा समजला जायचा, आणि पुष्कळदा असतोही. पण फ्रान्समध्ये काही जुन्या वायनरींच्या सगळ्या कोठारात हा वास भरला, तेव्हा शोध घेतल्यावर तो छताच्या तुळयांतून आणि लाकडी पॅलेटमधून येत असल्याचं निघालं. औषध लावलेलं लाकूड काढून टाकावं लागलं. बंद, दमट, थंड खोली आणि औषध लावलेलं लाकूड, हे दोन्ही एकत्र आणायचं नाही.

त्या जोडप्याला मी पॅलेट नाकारले, पण मांडणी नाकारली नाही. एचटीचा शिक्का असलेल्या, डाग नसलेल्या, कोरड्या पाईनच्या फळ्या निवडल्या, चारी बाजूंनी रंधून आतलं स्वच्छ लाकूड काढलं आणि महिनाभर शेडमध्ये हवेशीर रचून ठेवल्या. ते काम माझ्या आवडत्या कामांपैकी एक आहे. पाईन मऊ असतो, त्याला स्क्रू धरत नाही असं लोक म्हणतात. पण अर्ध्याला अर्धी खाच घालून पट्ट्या एकमेकींत बसवल्या की स्क्रूची गरजच फार उरत नाही.

पैसे असतील तर सागवान. विदर्भातल्या बल्लारपूर-आलापल्लीकडच्या सागवानाला तोड नाही. आफ्रिकेतून येणारा सागवान स्वस्त पडतो, पण वखारीत एकेक फळी निवडून घ्यावी लागते. सागवानात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. लाकूड कुठलंही असो, ओलावा मोजायचं यंत्र लावून बाराच्या आसपास आकडा आला की मगच करवत लावायची. वाईनच्या खोलीतल्या हवेत लाकूड साधारण तिथेच स्थिरावतं. मे महिन्यात भट्टीतून काढलेलं सुकं लाकूड वापरलं तर जुलैत पट्ट्या फुगून बाटल्या अडकतात. पावसाळ्यात ओलं वापरलं तर एसी सुरू झाल्यावर सांधे उघडतात. एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड या खोलीत नकोतच. प्लाय घ्यायचं असेल तर आयएस ७१० च्या शिक्क्याचं मरीन प्लाय, आणि त्याच्या कापलेल्या कडा बंद केलेल्या.

पॉलिशबद्दल थोडंच सांगतो : आतल्या बाजूला नको. लाकूड उघडं राहू द्या किंवा बाहेरून पाण्यावरचं पॉलिश लावून वास पूर्ण जाईपर्यंत बाटल्या बाहेरच ठेवा.

लोखंडाच्या मांडण्या आमच्या हवेत टिकत नाहीत. पावडर कोटिंगला एक ओरखडा पडला की समुद्राची खारी हवा तिथून आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. स्टेनलेस स्टील घेणाऱ्यांनी ३०४ आणि ३१६ यांतला फरक जाणून घ्यावा. दुसऱ्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते स्टील खाऱ्या हवेला सहजी दाद देत नाही. मांडव्याच्या किनाऱ्यालगत मी ३०४ च्या नळ्यांवर तांबूस ठिपके आलेले पाहिले आहेत. नाशिकला किंवा पुण्याला हाच ३०४ खुशाल वापरा.

मांडणी कितीही चांगली असली तरी खोली वाईट असेल तर काही उपयोग नाही. हे मला एका कोठाराने शिकवलं. अलिबागजवळ एका मालकांनी जमिनीखाली तळघर खणलं होतं. परदेशात पाहिलं होतं म्हणून. आपल्या देशावर काळ्या पाषाणात तळघर कोरडं राहतं, जुन्या वाड्यांतून ती आहेतच. पण किनाऱ्यावर जांभा पाणी पितो आणि भूजल वर असतं. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटला. मांडणी तळापासून फुगली आणि बाटल्यांची लेबलं सुटून खाली पडली. कुठली बाटली कुठली, हे ओळखता येईना. मला बोलावलं ते मांडणी बदलायला. मी त्यांना सुचवलं की लाकडाला हात लावू नका, जागाच बदला. शेवटी जिन्याखालची, उत्तरेकडची, खिडकी नसलेली खोली निवडली. भिंतींना, छताला आणि दाराला पफचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फेसाचे, पॅनेल लावले. आपल्याकडे बाहेरची हवा गरम आणि दमट, आतली थंड, म्हणून ओल अडवणारा थर बाहेरच्या बाजूला लागतो. थंड मुलखातल्या पुस्तकांत पाहून तो आतल्या बाजूला लावला तर पॅनेलच्या मागे पाणी साचतं, आणि त्या पाण्यात बुरशी. मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे घेतली, पायांखाली रबरी ठोकळे घातले, मागून हवा खेळू दिली.

खोलीला तापमान बारा-तेरा अंश आणि आर्द्रता साठ ते सत्तर टक्के हवी. साधा घरचा एसी सोळाच्या खाली जात नाही आणि हवा फार कोरडी करतो. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. तो खर्च झेपत नसेल तर अठरा अंशांवर स्थिर राहणारी खोलीही चालेल. दिवसा तीस आणि रात्री अठरा असा झोका मात्र वाईनला मारतो. ज्यांच्याकडे तीस-चाळीस बाटल्याच आहेत त्यांना मी सरळ सांगतो, खोली करू नका, वाईनचं छोटं शीतकपाट घ्या. फक्त त्यावर लिहिलेला बाटल्यांचा आकडा बारीक बाटल्यांचा असतो, जाड बाटल्या त्याहून कमी मावतात.

एक काम मात्र द्रोणागिरीतल्या सुतारालाच सुचू शकलं असतं. एका गृहस्थांना मापगावच्या बाजूला शेतावर कोठार हवं होतं. त्यांना मी भंगारात निघालेला शीत कंटेनर सुचवला. बंदरातून फळं, मासे, औषधं नेणारे हे पांढरे कंटेनर वयात आले की विकले जातात. भिंतींत पॉलियुरेथेनचा फेस भरलेला, आतून स्टीलचा पत्रा, दार घट्ट. वीस फुटी कंटेनर आतून सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना मांडण्या लावून मधून माणूस आरामात चालतो. यंत्राला थ्री-फेज वीज लागते. ती शेतावर नव्हती, म्हणून जुनं यंत्र काढून तिथे लहान यंत्र बसवलं. भिंतीत स्क्रू मारायचा नव्हता, कारण पत्रा भोसकला की फेसात ओल शिरते. म्हणून मांडण्या स्वतःच्या पायांवर उभ्या केल्या आणि वरून आडव्या तुळईने दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या. जमिनीवर हवा वाहण्यासाठी टी आकाराच्या पट्ट्या असतात. त्यांवर वजन सारखं पसरावं म्हणून खाली सागवानाच्या रुंद फळ्या टाकल्या. कंटेनरच्या वर शेडचं छप्पर घातलं, कारण मे महिन्याचं ऊन कितीही चांगला फेस असला तरी आत उतरतं. ते कोठार आजही चालू आहे. तरुणपणी ज्या डब्यांतून मी लाकूड उतरवलं, तशाच एकात माझी मांडणी उभी आहे, याचं मला मनापासून समाधान आहे.

एकेरी घरं की चौकोनी खण, हा प्रश्न त्या गृहस्थांनीही विचारला होता. चौकोनाला कर्णाने तिरक्या फळ्या घालून केलेले खण स्वस्त पडतात आणि दिसायलाही छान. ज्याच्याकडे एकाच वाईनच्या बारा बारा बाटल्या आहेत त्याला ते योग्य. वेगवेगळ्या बाटल्या असतील तर तळातली काढायला वरच्या दहा हलवाव्या लागतात आणि हलवलेल्या जुन्या वाईनचा गाळ वर येतो. त्यांच्याकडे दोन्ही होतं, म्हणून खाली खण आणि छातीच्या उंचीपासून वर एकेरी घरं केली. सगळ्यात वरची, सगळ्यात गरम जागा फिरकीच्या झाकणाच्या, लवकर संपणाऱ्या बाटल्यांना दिली.

द्रोणागिरीतल्याच एका इमारतीत निवृत्त जहाजी अधिकारी राहतात. बंदरोबंदरी जमवलेल्या बाटल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, शेगडीच्या वर ठेवल्या होत्या. मांडणी किती रुपयांत होईल म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी त्या खाली काढायला लावल्या आणि शयनगृहातल्या कपाटाच्या तळाच्या खणात, बाहेरच्या भिंतीपासून लांब, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेवल्या. मांडणी केली नाही. त्यांना ते पटायला वेळ लागला. आता दर दिवाळीला ते शेडवर येऊन बसतात.

आणखी एक गोष्ट सुताराने सांगायची नसते, तरी मी सांगतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे आणि वाईन विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. तो उत्पादन शुल्क खात्याकडून मिळतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. परवान्यावर एका वेळी किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि तो प्रत्यक्षात आला नाही. घरातल्या साठ्याचे नियम त्या वादाने बदललेले नाहीत. मोठी मांडणी करण्यापूर्वी तो कागद पाहून घ्या, साठा परवान्यापेक्षा मोठा होणार असेल तर खात्यात जाऊन विचारा.

ज्यांना या वर्षी खोली करायची आहे त्यांना एवढंच सांगेन. पाचशे-सातशे रुपयांचा, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा मापक घ्या. तो निवडलेल्या खोलीत मे महिन्यात आठवडाभर आणि जुलै महिन्यात आठवडाभर ठेवा, आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. मग सुताराकडे जाताना, माझ्याकडे किंवा कोणाकडेही, ती वही आणि घरातली सर्वांत जाड बाटली सोबत न्या. फोटो घरीच राहू द्या.